चार जुलैसाठी गव्हाची बिअर

शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात आमचं घर आहे. घराला बेसमेंट आहे आणि बेसमेंटच्या एका कोपऱ्यात माझ्या बिअर आंबवायच्या बादल्या असतात. मार्च-एप्रिल उजाडला की नव्याने बिअर करायला लागलेल्या मराठी मंडळींचे फोन येतात (यात हल्ली बायकाही बऱ्याच असतात, मला बरं वाटतं). प्रश्न ठरलेला: ‘चार जुलैला अंगणात पार्टी आहे, सगळ्यांना चालेल अशी कुठली करू?’ माझं उत्तर फार लांबतं. मध्येच पोहे येतात, बेल्जियम येतं, सासूबाई येतात. म्हणून हे लिहून काढलंय.

त्याआधी कायद्याचं. 1978 साली जिमी कार्टर यांनी सही केली आणि अमेरिकेत घरच्यापुरती बिअर करायला केंद्र सरकारची हरकत राहिली नाही. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर 200. विकायची मात्र नाही. राज्यांचं आणखी वेगळं. अलाबामा आणि मिसिसिपीने 2013 उजाडेपर्यंत परवानगी दिली नव्हती. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. तेव्हा पुण्या-नाशिकच्या वाचकांनी हे नुसतं वाचावं.

1. बिअर निवडायच्या आधी माणसं बघावी लागतात, हे मला सामान विकणाऱ्या दुकानदाराने शिकवलं. मी मोठ्या ऐटीत त्याला बिअरच्या प्रकारांची नावं सांगत होते. हा आयपीए, तो सेझोन, अमुक गावचा कोल्श. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दोनच प्रश्न विचारले: ‘पिणार कोण? आणि बादली ठेवणार कुठे?’ दोन्हींची उत्तरं माझ्याकडे नव्हती. घरी येऊन पाहुण्यांची यादी डोळ्यांसमोर आणली. शेजारचे आजोबा आयुष्यभर मिलर लाइट प्यायलेले. नवऱ्याचे मित्र कॉलेजपासून किंगफिशरवर वाढलेले. दोघीजणी अशा, की बिअर म्हटलं की नाक मुरडतात आणि साइडर शोधतात. शिवाय पुण्याहून आलेले एक काका, ज्यांचा पहिला प्रश्न ‘स्ट्राँग आहे का?’ हाच असतो. या सगळ्यांना एकत्र बांधणारं एकच सूत्र दिसलं: फार कडू नको, फार जड नको, थंडगार हवी. कडूपणा आयबीयू नावाच्या एककात मोजतात. अमेरिकन आयपीए साधारण 40 ते 70 मध्ये असतो, अमेरिकन व्हीट 15 ते 30, आणि क्रीम एल तर 8 ते 20. एवढे आकडे पाहिल्यावर माझ्या ऐटीतल्या यादीतली निम्मी नावं आपोआप गळली.

2. मला पाहुण्यांना खूश करायचं होतं की स्वतःचं कौतुक करून घ्यायचं होतं, हा प्रश्न स्वतःला विचारायला मला जरा वेळच लागला. दोन्ही गोष्टी एकाच बादलीत होत नाहीत. कौतुक हवं असेल तर काहीतरी अवघड करावं, बिअरमधली जाणकार चार माणसं बोलवावीत आणि ती ‘वा, हॉप्स कुठले?’ म्हणेपर्यंत वाट पाहावी. उन्हात, कणसं भाजत, मुलांमागे धावत जी माणसं पितात, त्यांना हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या, जातीशी काही देणंघेणं नसतं. तरीही मी पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येक बाटलीबरोबर छोटं प्रवचन देत असे. लोक सभ्य आहेत. ऐकून घेत.

3. इडलीचं पीठ ऊब मागतं आणि बिअर गारवा मागते. माझ्यासारखीला, जिने शिकागोच्या थंडीत ओव्हनचा दिवा लावून पीठ फुगवलं, हे पचायला कठीण गेलं. आंबणं म्हटलं की उबदार जागा, हे डोक्यात घट्ट बसलेलं. पण एल प्रकारच्या बिअरच्या बहुतेक यीस्टना 18 ते 20 अंश सेल्सियस बरं वाटतं. शिवाय आंबताना यीस्ट स्वतःच उष्णता तयार करतं, त्यामुळे बादलीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी सहज वर जातं. खोली 25 अंश असेल तर आत काय चाललंय याची कल्पना करा: फळांचे नको तितके वास आणि घशाला झोंबणारा दारूचा कडक चटका. दुकानदाराचा दुसरा प्रश्न यासाठी होता.

म्हणून लागर प्रकारची बिअर नवशिक्याने उन्हाळ्यात सोडून द्यावी. तिला 8 ते 13 अंश लागतात आणि नंतर कित्येक आठवडे जवळजवळ गोठणबिंदूला ठेवावं लागतं. त्यासाठी वेगळा फ्रीज हवा आणि त्या फ्रीजबद्दल घरात एकमत हवं. जर्मनीतल्या कोलोनचा कोल्श मला फार आवडतो. तिथे तो 0.2 लिटरच्या सडपातळ ग्लासात देतात आणि ग्लासवर चकती ठेवेपर्यंत वेटर नवा ग्लास आणतच राहतो. पण तोसुद्धा गार जागेत आंबवून मग थंडीत मुरवायचा असतो आणि काचेसारखा स्वच्छ दिसायला हवा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी करा. मिडवेस्टमध्ये आमचं नशीब असं, की मे महिन्यात बेसमेंट बहुधा 18-19 अंशांवर असतं, त्यामुळे साध्या एलसाठी वेगळं काहीच करावं लागत नाही. ज्यांना बेसमेंट नाही, त्यांनी बादली पाण्याच्या टबात ठेवून तिला ओला टी-शर्ट घालावा आणि सकाळ-संध्याकाळ टबात बर्फाच्या बाटल्या सोडाव्यात. टेक्सास-ॲरिझोनातल्या मंडळींसाठी एक निराळीच वाट आहे: नॉर्वेतलं शेतघरांतलं यीस्ट, क्वाइक. पश्चिम नॉर्वेतल्या व्हॉस भागातलं क्वाइक 35 ते 40 अंशांतही बिघडत नाही. पिढ्यानपिढ्या तिथल्या शेतकऱ्यांनी जपलेलं हे यीस्ट लार्स मारियुस गार्शोल यांच्या लिखाणामुळे जगभरच्या घरगुती बिअरवाल्यांपर्यंत पोचलं. ह्यूस्टनच्या गराजमध्ये आता ते सुखाने नांदतंय.

4. गहू नवशिक्याच्या बाजूने असतो. घरी बाटलीत भरलेल्या बिअरच्या तळाशी यीस्टचा गाळ बसतोच, कारण फेस बाटलीतच तयार होतो. सोनेरी, पारदर्शक बिअरमध्ये तो गाळ जरा वर आला की पाहुणा ग्लास उजेडात धरतो आणि तुमच्याकडे बघतो. गव्हाची बिअर मुळातच धुरकट. गव्हातल्या प्रथिनांमुळे ती धुरकट दिसते आणि तिच्यावर फेसही छान टिकतो. त्यामुळे कोणी काही विचारत नाही. उलट ‘अगदी ब्रुअरीसारखी दिसते’ म्हणतात. हे कौतुक मी निमूटपणे स्वीकारते.

पण गव्हातही दोन घराणी आहेत आणि निवड इथे करावी लागते. बव्हेरियाच्या हेफेवायझनमध्ये केळं आणि लवंग जाणवते. त्यात ना केळं असतं ना लवंग, दोन्ही वास त्या खास यीस्टचेच. आंबवताना जरा ऊब मिळाली की केळं पुढे येतं. काहींना हे स्वर्गीय वाटतं आणि काहींना औषधासारखं. आमच्याकडच्या किंगफिशर गटाने वास घेऊनच ग्लास खाली ठेवला. अमेरिकन व्हीटमध्ये साधं, शांत एल यीस्ट वापरतात. त्यात ना केळं, ना लवंग. पावासारखी मऊ चव आणि थोडा हॉप्सचा लिंबूटपणा. कोणाचं प्रेम एकदम जडत नाही, पण कोणी खालीही ठेवत नाही. गर्दीसाठी मला हेच हवं होतं.

कृती एवढीशी आहे. 19 लिटरला सुमारे 2.7 किलो गव्हाच्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, पाक (नाव गव्हाचं असलं तरी त्यात बार्लीही असते), तासभराची उकळी, सुरुवातीलाच 28 ग्रॅम सौम्य हॉप्स आणि गार झाल्यावर यूएस-05 या सुक्या यीस्टचं एक पाकीट. दारूचं प्रमाण साडेचार टक्क्यांच्या अलीकडे राहतं. काकांना ते कमी वाटतं, पण दुपारी दोनला सुरू होऊन अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचे फटाके उडेपर्यंत चालणाऱ्या कार्यक्रमाला तेवढंच बरं. शेवटी घरी जाताना गाडी चालवणारी माणसंही यातलीच असतात.

5. इथल्या लोकांना काय आवडतं हे शोधायला मी पुस्तकं चाळत होते, आणि उत्तर शेजाऱ्याच्या फ्रीजमध्ये होतं. मिशिगनच्या बेल्स ब्रुअरीची ओबेरॉन ही गव्हाची बिअर दर वसंतात बाजारात येते आणि अख्खं मिडवेस्ट तिला उन्हाळ्याची सुरुवात मानतं. गंमत म्हणजे लॅरी बेल यांनी कॅलमझूमध्ये 1983 साली आधी काढलं होतं ते घरगुती बिअरच्या सामानाचं दुकान. दुसरं नाव न्यू ग्लॅरसच्या स्पॉटेड काउचं. ती फक्त विस्कॉन्सिनमध्येच मिळते आणि इलिनॉयची माणसं हद्द ओलांडून डिकी भरून ती आणतात. तीही किंचित गढूळ, कमी कडू आणि तिच्यात थोडा मका. या दोन बाटल्या आणून पाहुण्यांपैकी कोणाला तरी प्यायला द्या आणि काही न बोलता चेहरा बघा. शंभर पानांच्या वाचनापेक्षा लवकर कळतं.

मक्यामुळे माझा एक जुना समज मोडला. मका-तांदूळ म्हणजे भेसळ, मोठ्या कंपन्यांची काटकसर, असं मी ठामपणे सांगत असे. पण क्रीम एल हा अमेरिकेचाच जुना प्रकार, आणि त्यात मका घालतात तो बिअरचं अंग हलकं राहावं म्हणून. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरची जेनेसी क्रीम एल 1960 पासून हेच करते आहे. उन्हात तहान लागलेल्या माणसाला ती हलकी वाटते, यात लाजण्यासारखं काय? तांदूळही चालतो. दुकानात ‘फ्लेक्ड राइस’ म्हणून जे महागडं पाकीट मिळतं ते उघडून बघितलं तर आपले पोहेच. पोहे आधीच शिजून चपटे झालेले असतात, त्यामुळे वेगळे शिजवावे लागत नाहीत. फक्त त्यांच्यातल्या स्टार्चची साखर करायला बार्लीच्या माल्टमधली विकरं लागतात, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे 65 अंशांच्या पाण्यात तासभर भिजवावं लागतं. पहिल्याच बादलीला हा उद्योग नको. दुसऱ्या वेळी करा आणि पोहे जाड घ्या.

6. धन्यांमुळे मला पहिल्यांदा वाटलं, की या नादात आपलंही काही देणंघेणं आहे. बेल्जियमच्या हूगार्डन गावात गव्हाच्या पांढऱ्या बिअरची परंपरा पार संपली होती. पियेर सेलिस नावाच्या तिथल्या दूधवाल्याने 1966 मध्ये ती पुन्हा सुरू केली. तिच्यात धने आणि संत्र्याची साल असते. इथल्या सुपरमार्केटमध्ये मिळणारे गोल, तपकिरी धने मी आधी वापरायचे. मग घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबमधल्या एका अमेरिकन माणसाने मला, मला, गंभीरपणे सांगितलं की भारतीय दुकानात जा, तिथले लांबट, हिरवट धने घे, त्यांना लिंबासारखा वास असतो. त्या दिवशी मी थोडी गप्प झाले. बारा महिने डबा भरलेला असतो घरात.

पंधरा-वीस ग्रॅम पुरतात. भरडसर कुटायचे आणि उकळीची शेवटची पाच मिनिटं उरली की टाकायचे. आणि कृपा करून भाजू नका. हात सवयीने कढईकडे जातो, पण भाजले की बिअरला आमटीचा वास येतो. सासूबाई इथे होत्या तेव्हा स्वयंपाकघरात येऊन त्यांनी पातेल्यात डोकावून विचारलं होतं, ‘हॉर्लिक्स उकळतेस की काढा?’ नाक त्यांचं अचूक. हॉर्लिक्समध्ये माल्ट केलेली बार्ली असतेच. काढ्याचा वास धन्यांचा. बिअर तयार झाल्यावर त्यांनी चव घेतली नाही. कोकम सरबत घेतलं. अंगणात कोकम किंवा पन्हं भरपूर ठेवावं, आणि न पिणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारू नये.

7. ‘हापूस घाल ना!’ हा सल्ला प्रत्येक मराठी पाहुणा देतो, आणि मला त्याला नाही म्हणणं सर्वांत अवघड जातं. पण आंब्याची गोडी म्हणजे साखर, आणि यीस्ट साखर खाऊन टाकतं. उरतो तो मंद वास आणि जरा आंबटपणा. डब्यातल्या रसात तर वरून साखर आणि सायट्रिक ॲसिडही घातलेलं असतं. शिवाय रस घातल्यावर आंबवण नव्याने सुरू होतं. ते पूर्ण थांबण्याआधी बाटल्या भरल्या तर आतला दाब वाढून बाटली फुटू शकते, आणि फुटलेल्या काचेशी खेळ नको. नुसती गव्हाची असली तरी साखरेचा अंदाज देणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा दोन-तीन दिवस जागचा हलत नाही याची खात्री करूनच बाटल्या भराव्यात. आंबा आम्रखंडात घालावा. तिथे तो आंबाच राहतो.

8. बिअरच्या नावापेक्षा पाणी आणि ऊन जास्त बोलतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन बिअरमध्ये बँड-एडसारखा वास आणतं. कॅम्पडेनची पाव गोळी 19 लिटर पाण्यात चुरून घातली की काम होतं. आणि बाटल्या तपकिरीच घ्या, हिरव्या किंवा पांढऱ्या नकोत, कारण सूर्यप्रकाश हॉप्सवर पडला की काही मिनिटांत कुबट वास सुटतो. अंगणात ओतलेला ग्लासही सावलीतच ठेवावा. बर्फाच्या टबला झाडाखाली जागा द्या.

9. तोंडावरच्या कौतुकावरून काही कळत नाही. मराठी माणूस ‘छान झालीये हं’ म्हणतो, अमेरिकन ‘ऑसम’ म्हणतो, आणि दोघंही तेच शब्द माझ्या गाजर हलव्यालाही वापरतात. मी आता पार्टी संपल्यावर कठड्यावर, खुर्च्यांखाली, कुंड्यांच्या मागे ठेवलेले ग्लास बघते. अर्धे भरलेले किती आणि कोणते. एका वर्षी दोन प्रकार ठेवले होते: एक मी जीव ओतून केलेला, कडवट, सुगंधी पेल एल, आणि दुसरी निव्वळ संख्या भरायला केलेली गव्हाची. तिखट चिवडा, मीठ-मिरची-लिंबू लावलेली कणसं आणि सुकं चिकन यांच्यासमोर कडवट बिअर अजूनच कडू आणि तिखट अजूनच तिखट लागतं, हे मला तिथे कठड्यावरच्या ग्लासांनी सांगितलं. गव्हाची आधी संपली. शेजारच्या आजोबांनी जाताना विचारलं, ‘त्या साध्यातली एखादी उरली आहे का?’ ‘साधी’ ऐकून मला दोन दिवस जरा लागलं. मग मी पुढच्या वर्षी फक्त तीच केली.

10. शेवटी सगळं कॅलेंडर ठरवतं. आंबायला दोन आठवडे, बाटलीत मक्याची साखर (19 लिटरला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास) घालून फेस धरायला आणखी दोन, फ्रीजमध्ये निवायला काही दिवस, आणि यीस्टचा मूड लागला नाही तर हाताशी एक आठवडा. म्हणजे चार जुलैला प्यायची बिअर मेच्या मध्यावर चुलीवर चढलेली बरी. मेअखेरच्या मेमोरियल डेचा शनिवार-रविवार हा शेवटचा मुहूर्त. गव्हाची ताजीच चांगली लागते, त्यामुळे फार आधी करून ठेवण्यातही अर्थ नाही. 19 लिटरच्या पन्नासच्या आसपास बाटल्या होतात. पहिल्यांदाच करत असाल तर अमेरिकन व्हीट करा, धने-संत्रं पुढच्या वर्षी, क्रीम एल त्याच्या पुढच्या. आणि जून उजाडला, बादली अजून रिकामीच आहे, असं झालं तर सरळ दुकानातून ओबेरॉनचे दोन बॉक्स आणा. ती उत्तम आहे.